माणूस कधी कसा असतो

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यातल्या सगळ्या शितांना सारखीच आच लागलेली असते. माणसाच्या वागण्याला अशी सारखी आच कधीच लागत नाही. पैशाच्या व्यवहाराला चोख असलेला माणूस वेळेच्या बाबतीत बेफिकीर असतो. मित्रांसाठी जीव टाकणारा घरात स्वतःचा पेलाही उचलून ठेवत नाही. कामावर सगळ्यांचं निमूट ऐकणारा गाडी चालवायला बसला की वेगळाच माणूस होतो. हे सगळे जण आपल्या ओळखीचे आहेत, तरीही एखादा प्रसंग पाहिला की आपण बिनदिक्कत निकाल देऊन मोकळे होतो: ‘कळलं त्याचं पाणी!’ आणि एकदा पाणी जोखलं, की पुढे तो माणूस काय काय करतो हे पाहायचंच राहून जातं.

हा घोळ शास्त्रज्ञांनाही चुकला नाही. 1920 च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या अमेरिकी संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांना अशा प्रसंगांत घातलं, की लबाडी करायला वाव आहे आणि कुणाला कळणार नाही असं मुलांना वाटावं. कुठे स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा, कुठे खेळातले गुण स्वतःच सांगायचे, कुठे हाताशी नाणी ठेवलेली. प्रामाणिक मुलं एकीकडे आणि लबाड मुलं दुसरीकडे असे दोन सरळ गट पडतील, ही कुणाचीही अपेक्षा. 1928 मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा चित्र निराळंच निघालं. पेपरात उत्तर बदलणाऱ्या मुलाने नाण्यांना हात लावलेला नव्हता, तर नाणी खिशात घालणाऱ्याने खेळातले गुण खरे सांगितले होते. एका प्रकारच्या लबाडीचा दुसऱ्या प्रकाराशी सहसंबंध जेमतेम 0.2 च्या आसपास आला. पूर्ण मेळ असता तर तो 1 आला असता.

पुढे 1968 मध्ये वॉल्टर मिशेल यांनी स्वभाव मोजण्याच्या अशा कितीतरी अभ्यासांचा हिशेब मांडला आणि एका प्रसंगावरून दुसऱ्या प्रसंगातलं वागणं ओळखणं किती लंगडं असतं ते दाखवून दिलं. मानसशास्त्रात यावरून बराच धुरळा उडाला. मग ‘स्वभाव’ असं काही नसतंच की काय? 1979 मध्ये सेमूर एपस्टाइन यांनी त्याला साधं उत्तर दिलं. एका दिवसाचं वागणं दुसऱ्या एका दिवसाशी जुळत नाही हे खरं, पण बऱ्याच दिवसांच्या वागण्याची सरासरी काढली, तर ती पुढच्या बऱ्याच दिवसांच्या सरासरीशी चांगली जुळते. म्हणजे स्वभाव असतो. तो एका प्रसंगातून दिसत नाही, इतकंच.

माझ्या मते त्याहून उपयोगाचं काम 1994 चं. युइची शोडा, मिशेल आणि जॅक राइट यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांच्या वागण्याची नोंद ठेवली, एकेका मुलामागे दीडशेहून अधिक तास. कुणी किती वेळा भांडलं एवढंच त्यांनी मोजलं नाही, कधी भांडलं तेही टिपलं: सवंगड्याने चिडवल्यावर, की मोठ्या माणसाने ताकीद दिल्यावर, शिक्षा केल्यावर, की चक्क कौतुक केल्यावर. दोन मुलांच्या भांडणांची बेरीज सारखी असली, तरी एक फक्त बरोबरीच्यांनी डिवचल्यावर अंगावर जायचा आणि दुसरा फक्त मोठ्यांनी अडवल्यावर. बेरीज पाहणाऱ्याला दोघंही ‘भांडखोर’. त्या दोघांना सांभाळायचं असेल, तर मात्र दोन वेगळ्या गोष्टी सांभाळाव्या लागणार.

माणूस ओळखण्याची सगळी मेख यात आहे. विशेषणं सोडून द्यावीत आणि ‘जेव्हा–तेव्हा’च्या वाक्यांत विचार करावा. ‘तो तापट आहे’ या वाक्याचा काही उपयोग नाही. ‘चारचौघांत चूक दाखवली की तो आवाज चढवतो, बाजूला घेऊन सांगितली की ऐकून घेतो’ या वाक्यावर उद्या काय करायचं ते ठरवता येतं. ‘ती मदतीला धावते’ यापेक्षा ‘संकट आलं की ती सगळ्यांच्या आधी हजर असते, पण रोजच्या रटाळ कामात चौथ्या दिवशी दिसेनाशी होते’ हे जास्त खरं, आणि जास्त न्यायाचंही.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अमात्यांच्या चार परीक्षा सांगितल्या आहेत: धर्म, अर्थ, काम आणि भय यांच्या आमिषाने किंवा धाकाने माणूस ढळतो का ते पाहायचं. लोकांना या चार परीक्षा तेवढ्या आठवतात. त्यांच्या निकालाचं पुढे काय करायचं, तो भाग खरा वाचण्याजोगा आहे. अर्थाच्या परीक्षेत टिकलेल्याला कर आणि कोषाचं काम, धर्माच्या परीक्षेत टिकलेल्याला न्यायदानाचं, भयाच्या परीक्षेत टिकलेल्याला राजाच्या जवळचं. चारही परीक्षांत टिकला तर मंत्री. चारही ठिकाणी घसरला तर त्यालाही घालवायचं नाही, खाणी, अरण्यं, कारखाने अशा ठिकाणी कामाला लावायचं. माणूस सरसकट चांगला किंवा सरसकट वाईट असं गृहीत धरलंच नाही. कुठे टिकतो ते पाहून तिथे ठेवला.

आता रोजच्या आयुष्यात नेमकं कुठे पाहायचं?

मुलाखतीत, समारंभात, सांत्वनाला गेल्यावर माणूस कसा वागला यातून फारसं काही हाती लागत नाही. तिथे कसं वागायचं ते आधीच ठरलेलं असतं आणि बहुतेक जण तसेच वागतात. जिथे सगळेच सारखे वागतात तिथे एकाचं वेगळेपण दिसणार कुठून? पाहण्याजोगा प्रसंग तो, जिथे ठरलेला नियम नाही, पाहणारं महत्त्वाचं कुणी नाही आणि नीट वागायला थोडी पदरमोड करावी लागते. वेळेची, सोयीची किंवा मोठेपणाची. या तीन गोष्टी एकत्र आल्या की प्रसंग कितीही बारीक असो, तो लक्षात ठेवावा.

असा एक बारीक प्रसंग जवळून पाहू. भेटायचं ठरलंय आणि एकाला जमणार नाहीये. तो निरोप कसा पाठवतो? आधी वेळ पाहावी. न जमण्याचं कारण त्याला सकाळी कळलं आणि निरोप संध्याकाळी, आपण घरातून निघाल्यावर आला, तर मधले तास तो आपल्या गैरसोयीऐवजी स्वतःच्या अवघडलेपणाला सांभाळत होता. मग कारणाची लांबी. खरं कारण सहसा एका ओळीत मावतं. कारण जसजसं लांबत जातं, त्यात तपशील आणि साक्षीदार येऊ लागतात, तसतशी स्वतःची बाजू राखण्याची धडपड वाढलेली असते. याचा अर्थ ते खोटंच असतं असा नाही. कित्येक भिडस्त माणसं खरं कारणसुद्धा पानभर लिहितात. म्हणून तिसरी गोष्ट जास्त भरवशाची: निरोपात आपल्या वाटच्या त्रासाचा उल्लेख आहे का? ‘तू सुट्टी टाकली होतीस ना, राहू दे, मीच तुझ्याकडे येतो’ असं लिहिणाऱ्याच्या डोक्यात समोरचा माणूस शिल्लक आहे. ‘सॉरी यार, जाम अडकलोय’ एवढंच लिहिणाऱ्याच्या डोक्यात त्या घटकेला तो एकटाच आहे. आणि शेवटची गोष्ट, पुढची तारीख कोण काढतं? मोडलेला बेत मोडणाऱ्यानेच पुन्हा जुळवला तर हिशेब पुरा झाला. दर वेळी आपल्यालाच जुळवावा लागत असेल, तर त्या नात्याचं वजन कुणाच्या खांद्यावर आहे ते उघड आहे. एका निरोपावरून काहीच ठरवू नये. एकाच माणसाचे असे चार-पाच निरोप ओळीने आठवून पाहावेत. फोनमध्ये ते तारखेसकट पडलेले असतात, स्मरणशक्तीवर भार टाकायचंही कारण नाही.

दुसरी जागा म्हणजे ‘नाही’. मागितलेली गोष्ट मिळाल्यावर सगळेच गोड असतात. नकार मिळाल्यावरचा पहिला मिनिट आणि पुढचे पंधरा दिवस पाहावेत. पहिल्या मिनिटात चेहरा पडला, सूर तुटक झाला, तर त्यात गैर काही नाही, मन आहे. खरा भाग पुढे सुरू होतो. काही जण नकार गिळतात आणि वागणं पूर्ववत करतात. काही जण तेवढ्यापुरतं हसतात आणि मग हळूहळू फोन कमी करतात. काही जण तोच प्रश्न वेश बदलून पुन्हा विचारतात: आधी विनंती, मग गळ, मग ‘मी तुझ्यासाठी काय काय केलं’ ही यादी. ही यादी बाहेर आली की जुन्या उपकारांकडेही पुन्हा एकदा पाहावं. ते उपकार होते की उसनवारी, हे त्या क्षणी कळतं.

माफी ही तिसरी जागा, पण इथे लोक शब्दांवर फार भाळतात. माफीत चार भाग असतात: काय केलं ते नाव घेऊन सांगणं, त्याचा दुसऱ्याला काय त्रास झाला ते सांगणं, भरपाई आणि पुढचा बदल. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ यात चारांपैकी एकही नाही. उलट चूक अलगद समोरच्याच्या मनाकडे ढकलली आहे. दुसरीकडे, तोंडातून एक शब्द न काढता दुसऱ्या दिवशी मोडलेली वस्तू दुरुस्त करून आणणारी माणसं असतात. त्यांनी चारांतले दोन भाग पुरे केलेले असतात, आणि बहुधा जास्त कठीण असलेले. बोलणं न जमणाऱ्याला निर्ढावलेला ठरवू नये.

उसनी नेलेली वस्तू कोणत्या अवस्थेत परत येते, सामाईक कामाचं श्रेय सांगताना तोंडात ‘मी’ येतं की ‘आम्ही’, आणि काम फसल्यावर त्या दोन शब्दांची अदलाबदल होते का, हेही पाहण्यासारखं. त्यावर फार लिहायची गरज नाही. एकदा कान लागला की ते आपोआप ऐकू येतं.

हॉटेलात वाढणाऱ्याशी माणूस कसा बोलतो यावरून त्याला ओळखावं, असं हल्ली सगळीकडे सांगितलं जातं. मला ही कसोटी आता बोथट झालेली वाटते. ती इतक्यांना माहीत झाली आहे, की पहिल्या भेटीत लोक मुद्दाम गोड बोलतात. जी परीक्षा सुरू आहे हे परीक्षार्थीला कळलं, त्यातून त्याची तयारी दिसते. तत्त्व बरोबर आहे: ज्याच्याकडून काही मिळायचं नाही त्याच्याशी वागणं. ते पाहायचंच असेल तर माणूस दमलेला, भुकेला, घाईत असताना पाहावं, आणि तेही एकदाच नाही.

घाईचं नाव निघालं म्हणून सांगायला हवं, की ती भल्याभल्यांना बदलते. 1973 मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनमध्ये धर्मशिक्षण घेणारे 40 विद्यार्थी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला निघाले होते. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, विव्हळत कोसळलेला. ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यापैकी 63 टक्के मदतीला थांबले, ज्यांना थोडी घाई होती त्यांच्यापैकी 45 टक्के, आणि ‘तुला उशीर झालाय’ असं सांगून पिटाळलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. यातल्या काही जणांचं भाषणच मुळी वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाच्या गोष्टीवर होतं. त्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा कुणी आपल्याकडे न पाहता निघून गेला, तर त्याच्या काळजाविषयी बोलण्याआधी त्याच्या घड्याळाविषयी विचारावं.

आपण हे विचारत नाही, कारण दुसऱ्याचं वागणं पाहताना त्याच्या भोवतीची परिस्थिती आपल्याला दिसत नाही, माणूस तेवढा दिसतो. आपण उशिरा पोचलो तर रस्ता खराब, तो उशिरा पोचला तर तो बेजबाबदार. ली रॉस यांनी 1977 मध्ये याला मूलभूत गुणारोपणाची चूक म्हटलं. नाव जड आहे, चूक मात्र रोजची. तिच्या जोडीला चेहरा असतोच. जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी 2006 मध्ये दाखवलं, की अनोळखी चेहरा सेकंदाच्या दहाव्या भागापुरता दिसला तरी लोक त्याच्या विश्वासार्हतेविषयी मत बनवतात. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, फक्त स्वतःच्या मतावरचा भरवसा वाढतो. आणि ‘खोटं बोलतोय हे मला डोळ्यांवरून कळतं’ म्हणणाऱ्यांसाठी: चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी 2006 मध्ये 24,000 हून अधिक लोकांचे निवाडे एकत्र केले, तेव्हा खरं-खोटं ओळखण्याचं प्रमाण सुमारे 54 टक्के निघालं. नाणं उडवलं असतं तरी 50 आलं असतं.

चुका आणखी एका वाटेने होतात, ती जास्त साधी. कमी बोलणारा माणूस घमेंडखोर ठरतो. एका कानाने कमी ऐकू येणारा दुर्लक्ष करणारा ठरतो. घरी आजारी माणसाचं करून रात्र-रात्र जागलेला कामात रस नसलेला ठरतो. परक्या भाषेत बोलावं लागणारा तुटक आणि उद्धट ठरतो, कारण त्या भाषेतली आर्जवं त्याला अजून यायची असतात. निकाल देण्याआधी यांतलं काही आहे का, एवढं विचारून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

आणि पाहणारा स्वतः कुठे उभा आहे? आपण वरिष्ठ असू, घरात कर्ते असू, तर आपल्याला दिसतं ते वागणं मुळात आपल्यासाठीच केलेलं असतं. अशा वेळी त्या माणसाच्या हाताखालच्यांना, त्याच्या बरोबरीच्यांना काय अनुभव आहे ते जास्त खरं. पण विचारताना ‘तो कसा आहे?’ असं विचारू नये, त्याला ‘चांगला आहे’ हेच उत्तर येतं. ‘शेवटचं काम अडलं तेव्हा त्याने काय केलं?’ असं विचारावं. प्रसंग मागितला की प्रसंग मिळतो. दुसरं असं, की एक माणूस आपल्याशी तिरकस वागत असेल तर तो तिरकस असेल. पण भेटेल तो आपल्याशी तिरकस वागत असेल, किंवा आपण आल्यावर सगळेच गप्प होत असतील, तर तपासाची दिशा बदलायला हवी.

या सगळ्यातून मुद्दाम सापळे लावायची हौस काहींना सुटते. पाकीट समोर ठेवून पाहायचं, खोटं गुपित सांगून ते फुटतं का पाहायचं, रुसल्याचं सोंग करून कोण फोन करतं ते मोजायचं. माझा याला विरोध आहे, आणि तो भाबडेपणातून नाही. सापळ्यातला माणूस सापळ्यापुरता वागतो. त्यावरून पुढचं काही सांगता येत नाही, हे हार्टशोर्न आणि मे यांनीच दाखवलं आहे. शिवाय सापळा उघडा पडला, तर समोरच्याला आपल्याविषयी एक पक्की ‘जेव्हा–तेव्हा’ ओळ मिळते. परीक्षा सांगणाऱ्या कौटिल्यानेही दोन बंधनं घातली आहेत: राजाने स्वतःला किंवा राणीला आमिष म्हणून वापरू नये, आणि जो बिघडलेला नाही त्याला परीक्षेच्या नावाखाली, पाण्यात विष कालवावं तसं, बिघडवू नये. रोजचं आयुष्य पुरेसे प्रसंग आपणहून पुरवतं. थोडा धीर धरावा लागतो.

किती धीर? काटेकोर आकडा कुणी देऊ शकत नाही, पण कामचलाऊ हिशेब असा: एकाच जातीचा प्रसंग निदान चार-पाच वेळा, वेगवेगळ्या दिवशी, आणि त्यांतला एक तरी तो माणूस अडचणीत असताना. सहा महिन्यांत एवढं सहज जमतं. लिहून ठेवायचं असेल तर तारीख, काय घडलं आणि त्याने काय केलं, एवढंच लिहावं. ‘स्वार्थी’, ‘दिलदार’ असे शब्द वहीत येऊ देऊ नयेत. आणि मताच्या विरुद्ध जाणारा प्रसंग आला, तर तो आवर्जून आधी लिहावा, कारण तोच सगळ्यात लवकर विसरला जातो.

याला एक अपवाद आहे आणि तो मोठ्याने सांगायला हवा. हात उचलणं, धमकी देणं, कोंडून ठेवणं, फोन किंवा पैसे हिसकावून घेणं, लहान मुलाला किंवा मुक्या प्राण्याला मुद्दाम इजा करणं. इथे सरासरीची वाट पाहायची नाही. पहिला प्रसंगच पुरेसा असतो. ‘एरवी तो किती चांगला आहे’ हा हिशेब तिथे लावायचा नाही. परिस्थिती समजून घेणं आणि तिथेच थांबून राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सुरक्षित अंतरावरूनही करता येते.

बाकी ठिकाणी विश्वास एकगठ्ठा द्यायचं कारण नाही. गुपित कुणाला सांगायचं, पैसे कुणाला द्यायचे, मुलं कुणाकडे ठेवायची, तारखेचं काम कुणावर टाकायचं, रात्री दोनला फोन कुणाला करायचा, हे पाच वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं पाच वेगळी माणसं असू शकतात. वेळ न पाळणाऱ्या मित्राला तारखेचं काम देऊन मग त्याच्यावर चिडण्यात काय अर्थ? त्याच्याकडे गुपित ठेवावं. ते तो वर्षानुवर्षं सांभाळत आला असेल.